चाळीस टक्के ड्यूटी

नाहूर
१८ ऑगस्ट २०२४

प्रबुद्ध,

जय भीम. दारात चप्पल घालता घालता तू मला म्हणाला होतास, "एवढं सोपं आहे तर तुम्हीच करा ना इंजिनिअरिंग." तर कळवायला आनंद होतो की केलं. म्हणजे सुरू केलं.

विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची डिग्री निघाली आहे. माझा जुना डिप्लोमा होता, म्हणून थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं. वय वर्षं एक्कावन्न. फॉर्म भरताना तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "विद्यार्थ्याचं नाव?" मी दोन्ही वेळा सांगितलं, धोंडिराम सरवदे.

पहिल्या दिवशी कामावरून तसाच गेलो, कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये. गणिताच्या क्षमा मॅडम, असतील तिशीच्या, माझ्या शर्टावरचा लिफ्ट कंपनीचा बिल्ला बघून म्हणाल्या, "काका, लिफ्ट तिकडे कोपऱ्यात आहे." मी म्हटलं, "मॅडम, मी विद्यार्थी आहे. पण लिफ्टही बघतो नंतर, ब्रेक घासतोय तिचा." वर्ग हसला. मग मी पहिल्या बाकावर बसलो. माझ्या शेजारी सई नावाची मुलगी आहे, तेवीस वर्षांची, दिवसा घाटकोपरला एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात असते. तिने मला लगेच अर्धा चिक्कीचा तुकडा दिला. अठ्ठावीस वर्षं मशीनरूममध्ये डबा खाल्ल्यावर पुन्हा बाकावर बसून कोणाचा तरी खाऊ खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला सांगू.

टाइमटेबल केलंय. तुझ्यासाठी केलं होतं त्याच नमुन्यात, लिफ्टच्या मेंटेनन्स चार्टसारखं, तीन रंगांत. पाचला उठणे, साडेसातपर्यंत अभ्यास, नऊ ते साडेपाच कंपनी, साडेसहा ते साडेनऊ कॉलेज, रविवार पूर्ण अभ्यास. मोकळा वेळ असा रकाना तुझ्यातही नव्हता, माझ्यातही नाही. तुझं अजून कपाटाच्या दारावर चिकटलेलं आहे, त्याच्याच शेजारी लावलं.

दीड वर्ष झालं, तू माझा फोन घेत नाहीस. मेसेजला एकच टिक येते. तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका." रत्नागिरीचा पत्ता मात्र तिनेच दिला. पत्र ब्लॉक करता येत नाही, हा पोस्टाचा मोठा गुण आहे. सोबत माझा पत्ता घालून, तिकीट लावून एक पाकीट ठेवलंय. सक्ती काही नाही. एक ओळ लिहिलीस तरी पुष्कळ. खरं तर डिग्रीपेक्षा मला तेवढीच हवी आहे.

पप्पा


नाहूर
६ ऑक्टोबर २०२४

प्रबुद्ध,

पाकीट आलं नाही, हरकत नाही. दुसरं ठेवतो.

इकडे माझी चंगळ आहे. घाटकोपरला मेट्रो पकडून कॉलेजात पोचेपर्यंत मी सूत्रं म्हणतो, ओठ हलतात, लोकांना वाटतं म्हातारा पुटपुटतोय. दुपारी मुलुंडच्या टॉवरवर काम असलं की डबा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये घेऊन जातो. खाली लोक बटणं दाबतात, वर मोटर फिरते, थांबते, पुन्हा फिरते, आणि मी मांडीवर वही घेऊन इंटिग्रेशन करतो. तीस वर्षांनी. माझ्या हाताखालचा कुंडलिक विचारतो, "साहेब, पगार वाढणार का याने?" मी म्हणतो, "नाही रे, डोकं वाढणार." तो म्हणतो, "मग हेल्मेटचा नंबर बदलावा लागेल."

मशीन्सचा विषय तर माझ्या हातचा मळ आहे. जी मोटर पुस्तकात चित्रात आहे ती मी चाळीस वेळा खोलून बसवली आहे. सर फळ्यावर वाइंडिंग काढत होते, मी उठून म्हटलं, "सर, ती वायर तिथे जोडलीत तर कोणीतरी मरेल." सरांनी खडू माझ्या हातात दिला. त्या दिवशी घरी येताना मी वडापाव घेतला, दोन, दोन्ही मीच खाल्ले.

गणिताची चाचणी झाली. तिच्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

अभ्यासाला तुझंच टेबल वापरतो. कॅरमबोर्डाला खालून स्क्रू मारून मी चार पाय लावून दिले होते ते. "खेळ आणि अभ्यास एकाच जागी" असं तेव्हा मी म्हटलं होतं आणि मला फार हसू आलं होतं. तू हसला नव्हतास. टेबल मजबूत आहे, फक्त पेन्सिल ठेवली की घरंगळत कोपऱ्यात जाते आणि पॉकेटमधून खाली पडते. दर पाच मिनिटांनी वाकावं लागतं. तू दीड वर्ष कसं काय वाकत होतास?

आई म्हणते तिकडे मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस. कुठलं मेक? किती सिलिंडर? डिझेल पंपावर हात बसला का? मला काय, सहज विचारलं.

पप्पा


नाहूर
१५ डिसेंबर २०२४

प्रबुद्ध,

पेपर संपले. मशीन्सचा झकास गेला, पुरवणी घेतली. नेटवर्कचा चांगला गेला. गणित-तीनचा बरा गेला. थंडी आहे थोडी. नाहूरच्या पुलाजवळ पेरू चांगले आलेत. सई सगळ्यांना विचारत होती, फोरियर सिरीजचं उत्तर काय आलं म्हणून. मी पेरूचं सांगितलं.

तुझ्या आईची तब्येत ठीक. पाकीट आहेच सोबत.

पप्पा


नाहूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रबुद्ध,

मागच्या पत्रात मी पेरूबद्दल लिहिलं होतं. पेरू खरे होते, बाकी सगळी टाळाटाळ होती.

रिझल्ट लागला. मशीन्समध्ये वर्गात पहिला. बाकीचे विषय सुटले. गणित-तीनला ऐंशीपैकी चौदा. पास व्हायला बत्तीस लागतात. म्हणजे मला केटी लागली. राहिलेला विषय घेऊन पुढे चालायचं, पुन्हा परीक्षा द्यायची. तुला मी केटी काय असते ते सांगतोय, बघ माझी अक्कल. तुला याच विषयाची दोनदा लागली होती.

संध्याकाळी जेवताना तुझ्या आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने वर न बघता विचारलं, "मग तुम्ही कधी निघताय घरातून?"

पहिल्या पत्रात मी तुझं वाक्य लिहिलं, तू चप्पल घालताना म्हणालास ते. त्याच्या आधीचं माझं वाक्य लिहिलं नव्हतं. ते असं होतं, "केटी म्हणजे निव्वळ आळस, आणि आळशी माणसाला या घरात जागा नाही." तुला ते पाठ असेल. मलाही आहे, पण मी ते माझ्याकडून गाळलं होतं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, दुसरं काय.

प्रबुद्ध, मी आळस केला नव्हता रे. पहाटे पाचला उठत होतो. एक रविवार सोडला नाही. तुझ्या मामाच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही, पुस्तक घेऊन बसलो. आणि पेपर समोर आला तेव्हा डोकं असं बंद पडलं की मला पाढे आठवेनात. घामाने हॉलतिकीट भिजलं. शेजारची मुलं भराभर लिहीत होती आणि मी घड्याळ बघत होतो. तुझंही असंच व्हायचं का? तू तसं सांगत होतास का आणि मी ऐकत नव्हतो?

माफी मागायला पत्र पुरत नाही. तरी मागतो.

आता गंमत ऐक. एवढं होऊनही मला सोडावंसं वाटत नाही. उलट सुरसुरी आली आहे. मे महिन्यात केटीचा पेपर आहे, घोडामैदान जवळच आहे. तुझी गणित-तीनची वही माळ्यावर सापडली, ती घेतली आहे. चालेल ना?

पप्पा


नाहूर
१३ एप्रिल २०२५

प्रबुद्ध,

उद्या चौदा एप्रिल. खाली मंडपाचं काम चाललंय, निळ्या पताका लागल्यात आणि लायटिंग मी करावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. दरवर्षी करतो, या वर्षी "अभ्यास आहे" म्हणून नकार देणार होतो. पण या आठवड्यात असं काही घडलं की मी स्वतःहून शिडी घेऊन खाली गेलो. ते सांगण्यासाठी हे पत्र, हात थांबत नाहीये.

मंगळवारी वर्गात मला डुलकी लागली. सईने कोपराने ढोसलं. मधल्या सुट्टीत म्हणाली, "काका, तुमचं नक्की चाललंय काय?" मी अभिमानाने मोबाइलमधला टाइमटेबलचा फोटो दाखवला. तिने तो मोठा केला, वरून खालपर्यंत बघितला.

"यात तुम्ही श्वास कधी घेता?"

"श्वास मध्ये मध्ये चालूच असतो."

"मस्करी नाही काका. मी शनिवारी संध्याकाळी पोहायला जाते, काही झालं तरी. ही तर एस-वन आहे. जळणार तुम्ही."

आणि ती चहाला निघून गेली.

तुला माहीत असेल, तरी सांगतो. प्रत्येक मोटरवर एक प्लेट असते. किती व्होल्ट, किती करंट, आणि ड्यूटी. एस-वन म्हणजे सतत चालणारी, पंपाची वगैरे. ती दिवसभर फिरवली तरी तिला काही होत नाही. लिफ्टच्या मोटरवर लिहिलेलं असतं एस-थ्री, चाळीस टक्के. म्हणजे दहा मिनिटांत चार मिनिटं चालायचं, सहा मिनिटं थांबायचं. थांबणं ही तिची सवड नव्हे, तो तिच्या कामाचाच भाग. थांबू दिलं नाही तर ती तापते, आणि मग वाइंडिंग जळतं.

आपण ड्यूटी म्हणतो ती कामाला. "ड्यूटीवर आहे", "ड्यूटी संपली". मोटरच्या ड्यूटीत विश्रांती धरलेली असते. अठ्ठावीस वर्षं मी ही प्लेट रोज पुसतोय. मागे एका सोसायटीने मालाची ने-आण करायला दिवसभर न थांबता लिफ्ट चालवली आणि मोटर जाळली. मी त्यांच्या सेक्रेटरीला भर मीटिंगमध्ये झापलं होतं, "प्लेट वाचता येत नाही का?" त्याच संध्याकाळी घरी आलो तर तू नव्हतास. आपल्या सोसायटीच्या ऑफिसात खालच्या मजल्यावरच्या प्रांजलबरोबर कॅरम खेळत होतास. मी सगळ्यांसमोर डाव उधळला, बोर्ड बगलेत मारून वर आणला आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाय लावले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी तुझी प्लेट वाचलीच नाही. तू चाळीस टक्क्यांचा होतास की साठचा, मला ठाऊक नाही. मी तुला शंभरावर चालवलं, आणि तू तापलास तेव्हा म्हटलं, आळशी आहे.

बुधवारी मशीनरूममध्ये गेलो, वही उघडली नाही. डबा खाल्ला आणि मोटरकडे बघत बसलो. चार मिनिटं, सहा मिनिटं. अगदी काटेकोर नाही, पण साधारण तसंच. ती थांबली की पंख्याचा तेवढा आवाज. फार बरं वाटलं. मग खाली येऊन टाइमटेबल काढून टाकलं, माझंही आणि तुझंही. तुझ्याखालचा कपाटाचा रंग अजून नवा आहे.

आता जाऊन माळा लावतो. या वर्षी पळत्या दिव्यांचं सर्किट मी स्वतः केलंय, कोणाला सांगू नकोस, उद्या बघून सगळे तोंडात बोटं घालतील.

पप्पा


नाहूर
४ मे २०२५

प्रबुद्ध, बाळा,

काल पोस्टमन आला आणि माझ्याच अक्षरातलं पाकीट माझ्या हातात दिलं. मला वाटलं, पत्ता चुकला, पत्र परत आलं. टेबलावर ठेवून दिलं, उघडलंच नाही. तुझी आई म्हणाली, "अहो, ते जायचं पाकीट नाही, यायचं आहे."

आत वहीच्या कागदाचा तुकडा. ना नाव, ना जय भीम. "फोरियरच्या मागे लागू नका. लाप्लास आधी करा. उत्तर चुकलं तरी स्टेप लिहा, स्टेपला मार्क असतात."

मी तो तुकडा तीनदा वाचला, मग तुझ्या आईला वाचून दाखवला, मग खाली जाऊन प्रांजलला. त्याने विचारलं, "काका, लाप्लास कोण?" मी त्याला अर्धा तास समजावलं, बिचारा कामाला निघाला होता. तुझी आई म्हणते मी शिट्टी वाजवत आंघोळ केली. मला आठवत नाही, पण ती खोटं बोलत नाही.

लाप्लास आधी करतो. सध्या रविवारी दुपारनंतर पुस्तक बंद. गेल्या रविवारी आम्ही दोघं बोरिवलीला नॅशनल पार्कात गेलो होतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि तिने मला विचारलं, "आज लिफ्ट कुठली बिघडली इथे?"

पेपर एकवीस तारखेला आहे. तू सांगितलंस तसं करतो, एकही स्टेप गाळत नाही.

पप्पा


नाहूर
२० जुलै २०२५

प्रबुद्ध,

एकेचाळीस. ऐंशीपैकी एकेचाळीस. दोन गणितांची उत्तरं चुकली होती, तरी मार्क मिळाले. स्टेपचे.

क्षमा मॅडमनी वर्गात नाव घेतलं. सईने चिक्कीचं अख्खं पाकीट दिलं आणि म्हणाली, "काका, पार्टी तुमच्याकडून, ही फक्त अॅडव्हान्स आहे." कुंडलिकने मुलुंडच्या टॉवरची लिफ्ट बंद पाडल्यासारखं करून मला गच्चीवर बोलावलं, तर तिथे सगळ्या हेल्परांनी मिळून केक आणलेला. मशीनरूममध्ये केक कापला. मी खाली आलो तेव्हा मिशीला क्रीम होतं आणि सोसायटीच्या बाईंना मी तसाच सांगत होतो की दोष गंभीर नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. आज दुपारी मी टेबल मोडलं.

चारही पाय काढले. स्क्रू गंजले होते, तेल घालावं लागलं. बोर्ड उलटा जमिनीवर ठेवला तेव्हा मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, एकदम कोपऱ्यात, टेबलाखाली डोकं घालून बसल्याशिवाय दिसणार नाही असं. तुझं अक्षर. "२२–१९. ब्रेक प्रांजलची. मॅच थांबली आहे."

तू पेन्सिल उचलायला वाकायचास तेव्हा रोज ते वाचत असशील. मी अकरा महिने त्याच टेबलावर बसलो, शंभर वेळा वाकलो, आणि मला फक्त पेन्सिल दिसली.

खाली जाऊन प्रांजलला विचारलं, तुला आठवतं का रे. तो चटकन म्हणाला, "बावीस-एकोणीस, काका. तो पुढे होता. पुढच्या बोर्डाचा पहिला फटका माझा होता." लग्न झालं त्याचं, मुलगी झाली, तरी स्कोअर पाठ.

स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवली, दिसतात अजून. शाईचे डाग बारीक पॉलिश पेपरने काढले, जोर लावला नाही. बोरिक पावडर आणली आहे. बोर्ड सोसायटीच्या ऑफिसात नेऊन ठेवला. कोणाला हात लावू देत नाहीये. मुलं विचारतात, तर सांगतो, यावर मॅच चालू आहे.

तू इंजिनिअरिंग पुन्हा कर, असं मी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. तू दुरुस्त केलेलं इंजिन कसं चालतं ते मला एकदा ऐकायचंय. बाकी तुझ्यावर. पाकीट सोबत आहे.

पप्पा


रत्नागिरी
२६ जुलै २०२५

पप्पा,

जय भीम. तुमची सहा पाकिटं माझ्याकडे शिल्लक आहेत, त्यातलं एक वापरतोय. अजून पाठवू नका.

इंजिन सहा सिलिंडरचं आहे. डिझेल पंपावर हात बसला. पावसाळ्यात बोटी वर काढलेल्या असतात, म्हणून जून-जुलैला मान वर करायला वेळ नसतो. एक तारखेला बोटी पाण्यात उतरतात, मग मला सुट्टी. इथले लोक तसंच करतात, दोन महिने राबतात मग चार दिवस नुसते जेट्टीवर बसतात. मला जमतं ते.

त्या दिवशी मीही जे बोललो ते रागाने बोललो. तुम्ही खरंच अॅडमिशन घ्याल असं वाटलं नव्हतं. पहिलं पत्र वाचून मी बोट हाकणाऱ्या आमच्या सुकाण्याला दाखवलं, तो म्हणाला, "बापूस भारी हा तुझो." पेपरात डोकं बंद पडतं ते माझंही व्हायचं. सांगता येत नव्हतं.

चौदा मार्कांवरून एकेचाळीस म्हणजे सोपं नाही. मला माहीत आहे.

टेबल मोडलंत ते ठीक, पण पुढच्या सेमिस्टरला गणित-चार आहे, ते काय मांडीवर करणार? इथे एका जुन्या बोटीच्या सागवानी फळ्या निघाल्यात, दोन मी मागून घेतल्या आहेत. रविवारी तीन तारखेला पोचतो. सकाळी टेबल करून देतो, कोपऱ्यांना भोकं नसलेलं. पाय आणि स्क्रू टाकून देऊ नका, तेच लावू.

दुपारी मी खाली ऑफिसात असेन. प्रांजलला सांगा, ब्रेक त्याची आहे.

प्रबुद्ध